साक्ष आणि संमती

पुष्कळ वर्षांपूर्वी, युनियनच्या मान्यतेचे एक प्रकरण औद्योगिक न्यायालयापुढे चालू असता, तपास अधिकाऱ्याच्या हाताखालचा कारकून म्हणून एका कारखान्यात चार दिवस बसण्याचा योग मला आला होता. टाइम ऑफिसला लागून असलेल्या लांबट खोलीत दोन टेबले जोडून मांडली होती. त्यांवर एकीकडे कारखान्याचा हजेरीपट आणि दुसरीकडे दोन्ही युनियनांच्या सभासद-नोंदवह्या व पावतीपुस्तकांच्या रबराने बांधलेल्या स्थळप्रती, असा सारा दप्तराचा पसारा होता. आणि ज्या कामगारांची नावे दोन्ही नोंदवह्यांत सापडत त्यांना एकेक करून आत बोलवायचे, दोन्ही युनियनांच्या प्रतिनिधींच्या समक्ष 'तुम्ही नक्की कोणत्या युनियनचे सभासद?' असे विचारायचे, आणि येईल ते उत्तर जबानीच्या कागदावर उतरून घ्यायचे, हे आमचे काम होते. तिसऱ्या दिवशी मशीन शॉपमधला एक पन्नाशीचा टर्नर जेवणाच्या सुट्टीतून उठून, डबा हातात घेऊनच आत आला. त्याच्या खाकी शर्टाच्या खिशात एका युनियनची वर्गणीची पावती होती, ती त्याने न विचारताच काढून ठेवली. दुसरी पावती डब्यात, चपात्यांच्या फडक्याखाली घडी घालून ठेवलेली होती. ती त्याने जरा वेळाने बाहेर काढली आणि तेलकट बोटांनी उलगडून पहिलीच्या शेजारी ठेवली. दोन्ही एकाच महिन्याच्या होत्या. साहेबांनी प्रश्न विचारला. त्याने उजवीकडे पाहिले, डावीकडे पाहिले, दारात विनाकारण रेंगाळणाऱ्या फोरमनकडे पाहिले, आणि तो म्हणाला, "सायेब, तुमाला पायजे ती लिवा."

साहेब सज्जन होते. त्यांनी प्रश्न तीनदा विचारला, तिन्ही वेळा तेच उत्तर आले, आणि अखेर त्यांनी मला 'निश्चित सांगता येत नाही' असे लिहायला सांगितले. मी त्या वेळी ऐन पंचविशीत होतो. निर्भयतेवरची व्याख्याने ऐकून कान भरलेले होते. त्यामुळे त्या माणसाला मनातल्या मनात भित्रा ठरवून मी मोकळा झालो. पुढे मात्र ते वाक्य मला वारंवार आठवत राहिले, आणि आठवता आठवता माझी खात्री होत गेली की उत्तरात खोट नव्हती, खोट आमच्या प्रश्नात होती.

साक्ष आणि संमती या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात, कारण दोहोंतही माणसाला काहीतरी विचारले जाते आणि तो हो किंवा नाही म्हणतो. परंतु त्यांची जात निराळी आहे. साक्षीदाराला आपण जे घडले ते विचारतो. घडलेली गोष्ट त्याच्या इच्छेवर अवलंबून नसते, तिच्याविषयी तो खोटे बोलू शकतो, आणि त्याच्या एका शब्दाने तिसराच माणूस तुरुंगात जाऊ शकतो. म्हणून त्याने आपले नाव सांगून, आरोपीच्या तोंडावर, उलटतपासणीला सामोरे जाऊनच बोलले पाहिजे, असा न्यायाचा दंडक आहे आणि तो योग्यच आहे. संमती देणारा अशी कुठल्या वस्तुस्थितीची खबर देत नसतो. त्याने दिली म्हणजेच संमती अस्तित्वात येते. उलटतपासणीत साक्ष तावून सुलाखून निघते, आणि संमती तिथेच मरते, कारण 'का दिलीस?' या प्रश्नाची धास्ती मनात शिरली की जे द्यायचे तेच बदलून जाते. आमच्याकडे मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम होई, तेव्हा दहा वडीलधाऱ्यांच्या देखत एखादा काका मोठ्या उदारपणाचा आव आणून 'काय बाळे, तुला पसंत आहे ना?' असे विचारी, आणि ती पाटाकडे पाहत 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणे. ते उत्तर आणि त्या टर्नरचे उत्तर एकच आहे. दोघांनाही संमती विचारल्याचे नाटक झाले आणि दोघांकडून काढली गेली ती साक्ष. तीही ज्यांच्याविरुद्ध ती जाण्याचा संभव होता त्यांच्याच पुढ्यात.

परंतु गुप्ततेविषयी आपल्या मनात एक जुनी अढी आहे, आणि ती झटकून टाकण्याइतकी क्षुद्र नाही. जे चारचौघांत करता येत नाही ते बहुधा करण्याजोगेच नसते, हा संस्कार आपल्यावर लहानपणापासून झालेला असतो. सत्याला प्रकाशाची उपमा देणे आणि पापाला अंधाराची, हे तर सर्व धर्मांच्या अंगवळणी पडलेले आहे. मग ज्याला आपला पक्ष योग्य वाटतो त्याने पडद्याआड का जावे? यावर मला आपल्याच आचारातला एक दाखला सुचतो, तो गुप्तदानाचा. देवळाच्या पायरीवर आपले नाव कोरवून घेणारा दाता आणि दानपेटीच्या फटीतून मुठीतली नोट आत सारून निघून जाणारा दाता, या दोघांत लोकांनी श्रेष्ठ मानला तो दुसराच. आणि त्याने नाव लपवले म्हणून त्याच्या दानाला कोणी चोरटे म्हटले नाही. दानपेटीची ती फट आणि मतपेटीची फट यांतले साम्य मला केवळ सुताराच्या कामापुरते वाटत नाही. दोन्ही ठिकाणी बाकीचे साक्षीदार मुद्दाम दूर केलेले असतात, ते अशासाठी, की जो एक साक्षीदार दूर करता येत नाही त्याच्याशीच माणसाची गाठ पडावी. तुकोबांनी बहुमत बाजूला सारून आपल्या मनालाच ग्वाहीला बसवले होते. खुद्द बहुमत मोजताना प्रत्येकाला तशी आपल्या मनाची ग्वाही घेता यावी, एवढीच गुप्त मतदानाची धडपड आहे.

युरोपात या अढीला तत्त्वज्ञानाची भरभक्कम बैठक दिली ती जॉन स्टुअर्ट मिलने. आयुष्याची पस्तीस वर्षे, १८२३ पासून १८५८ पर्यंत, ज्याने लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत बसून आपल्याच मुलखासंबंधीचे खलिते लिहिले, तो हाच गृहस्थ. आणि स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी असूनही, किंबहुना त्यामुळेच, प्रातिनिधिक शासनावरील १८६१ च्या ग्रंथात त्याने गुप्त मतदानाविरुद्ध कौल दिला. त्याचे म्हणणे असे, की मत ही मतदाराची खाजगी मिळकत नव्हे. ज्यांना मत नाही अशांच्याही वतीने त्याच्याकडे सोपवलेली ती ठेव आहे, आणि विश्वस्ताने ठेवीचा व्यवहार लोकांच्या नजरेसमोर केला पाहिजे. पडद्याआड गेलेला माणूस लोकहित विसरून आपला स्वार्थ, आपला मत्सर, आपली लहर यांनाच मत देईल, अशी त्याला भीती वाटे. जमीनदार आणि मालक यांचा धाक मोठा असेल तेथे गुप्तता क्षम्य आहे, हे त्यालाही मान्य होते. मात्र आपल्या काळी तो धाक ओसरला आहे, असे त्याचे निदान होते.

तर्क निर्दोष आहे, निदान चुकले. १८६८ च्या निवडणुकीनंतर वेल्समध्ये जमीनदाराच्या मर्जीविरुद्ध मत दिलेल्या कुळांना शेतांवरून हुसकावून लावण्यात आले, कारण कोणी कोणाला मत दिले हे सर्वांना ठाऊक होते. आणि मिलच्या हयातीतच, १८७२ साली, ब्रिटिश पार्लमेंटला गुप्त मतदानाचा कायदा करावा लागला. त्या कायद्याखालची पहिली पोटनिवडणूक पाँटेफ्रॅक्ट या गावी झाली. ज्येष्ठमधाच्या वड्यांसाठी ते गाव प्रसिद्ध होते, आणि मतपेटीवरच्या लाखेवर उमटवायला ऐन वेळी हाती आला तो त्या वड्यांवर मारण्याचा शिक्काच. थोर तत्त्वाचा मिठाईवाल्याच्या शिक्क्याने झालेला हा आरंभ मला मोठा आवडतो. मिलला ज्या विश्वस्ताची चिंता होती तो पोट भरलेला विश्वस्त होता. ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हाती आहे त्याच्याकडून लोकांदेखत होणारा ठेवीचा व्यवहार हा भाकरीवाल्याच्याच मर्जीचा व्यवहार होतो, ही गोष्ट त्या सूक्ष्म बुद्धीच्या नजरेतून निसटली.

कारखान्यात ही भाकरी आणखी जवळ असते. विधानसभेच्या मतदाराला मत दिल्यावर घरी जाता येते. कामगाराला दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याच गेटातून आत जावे लागते. तेथला दाब काठी घेऊन येत नाही. रजेचा अर्ज टेबलावर पडून राहतो; रातपाळी एका आठवड्याची दोन आठवडे होते; ओव्हरटाइमच्या यादीतून नाव गळते; ज्या लेथचा चक झिजलेला आहे तीच वाट्याला येते, आणि मग उत्पादन कमी का, म्हणून मेमोही मिळतो. हे झाले व्यवस्थापनाकडून. युनियनचा हात मऊ असतो असेही नाही. पतपेढीच्या कर्जाला जामीन मिळत नाही, खातेनिहाय चौकशीत बाजू मांडायला कोणी येत नाही, मुलाच्या नोकरीचा शब्द विसरला जातो, कँटीनमध्ये शेजारची जागा रिकामी राहते. दोन्ही बाजूंनी असा वेढलेला माणूस दोन पावत्या फाडून घेतो, एक खिशात ठेवतो आणि एक डब्यात, याला भित्रेपणा म्हणायचे की प्रपंच, हे ज्याने तो प्रपंच केला नाही त्याने ठरवू नये.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते, आणि ती पुष्कळांना पटत नाही. गुप्तता ही मतदाराला दिलेली सवलत असून भागत नाही, ती त्याच्यावर घातलेली सक्ती असावी लागते. 'मला कोणाची भीती नाही, मी माझी मतपत्रिका खुशाल दाखवीन,' असे म्हणणाऱ्या शूराला तसे करू दिले, तर उद्या न दाखवणारा प्रत्येक जण संशयित होतो, आणि 'त्याने दाखवली, तू का नाही दाखवत?' हा प्रश्न विचारायला कोणालाही मोकळीक मिळते. दाखवण्याची ताकदच कोणाच्या हाती ठेवायची नाही, तेव्हाच न दाखवणाऱ्याला अभय मिळते. शूरांनी आपल्या शौर्याचे एवढे प्रदर्शन दुर्बळांसाठी सोडावे, ही अपेक्षा मला जास्तीची वाटत नाही.

हा सगळा विचार पश्चिमेकडून आला, असे समजण्याचे कारण नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना डॉ. आंबेडकरांनी बौद्ध भिक्षुसंघाच्या सभाशास्त्राचा जो दाखला दिला त्यात मतदानाचाही उल्लेख होता. आणि पाली वाङ्मयाची ओळख ज्यांनी मराठी वाचकाला करून दिली त्या धर्मानंद कोसंब्यांनी परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीतच आपला बहुजनविहार उभारला होता, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंची मते शलाकांनी, म्हणजे रंगीत काड्यांनी, मोजण्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: एक गूढ, एक उघड, आणि एक कानात कुजबुजण्याचा. शलाका वाटणारा भिक्षू पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा, आणि कोणती शलाका घेतली गेली व कोणती नाही हे त्याला कळत असावे, अशी अट आहे. गूढ प्रकारात त्याने एकेका भिक्षूजवळ जाऊन, ही काडी या मताची, ती त्या मताची, हवी ती घ्या आणि कोणाला दाखवू नका, असे सांगायचे असते. इथपर्यंत वाचून ऊर भरून येतो. पुढे मात्र असे सांगितले आहे, की मोजणीत अधर्मवाद्यांची संख्या जास्त आढळली तर शलाका नीट घेतल्या गेल्या नाहीत असे ठरवून ते मतदान रद्द समजावे. आणि धर्मवादी अधिक आहेत हे आधीच ठाऊक असेल तर उघड प्रकार वापरावा.

हे प्रथम वाचले तेव्हा मी दचकलो, आणि मग मला त्या नियमकर्त्यांच्या सरळपणाचे कौतुक वाटले. संघाला धर्म कोणता हे मतदानापूर्वीच माहीत होते. शलाका होत्या त्या भिक्षूंना समजुतीने त्या धर्मापर्यंत आणण्यासाठी. निकाल आधी ठाऊक असलेल्या संस्थेला हे शोभून दिसते. कामगारांच्या मान्यतेच्या बाबतीत मात्र 'धर्म' म्हणून आधी ठरलेले काही नसते. कामगार ज्या युनियनला आपली म्हणतील तीच त्यांची. तरीही कामगारांचे हित कशात आहे हे आपल्यालाच कळते असे मनोमन समजणारे शलाकाग्राहापक आपल्याकडे थोडे झाले नाहीत. कोणी सरकारी खुर्चीत होते, कोणी मालकाच्या कचेरीत आणि कोणी लाल किंवा तिरंगी झेंड्याखाली. आणि आपल्याला अनुकूल तेव्हा उघड, प्रतिकूल तेव्हा 'नीट झाले नाही', हा चुल्लवग्गातला नियम न वाचताही ते पाळत आले.

मुंबईच्या गिरणगावाइतका याचा अनुभव दुसऱ्या कोणत्या वस्तीने घेतला असेल असे मला वाटत नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका स्थानिक क्षेत्रात, एका उद्योगात, एकाच युनियनला प्रातिनिधिक ठरवण्याची पद्धत घातली, आणि ते प्रतिनिधित्व ठरे सभासदांच्या नोंदणीवरून. कापड गिरण्यांत हा मान राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला आणि राहिला. साच्यावर उभ्या असलेल्या कामगाराचे मन कोठे आहे याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. पावती कोणाची फाटली याच्याशी होते. कम्युनिस्ट आणि समाजवादी वर्षानुवर्षे गुप्त मतदान मागत राहिले. हा संघ ज्या इंटकचा, तिचे लोक नोंदणीच्या पडताळणीच्या बाजूने राहिले. त्यांचा युक्तिवाद टाकाऊ होता असे मी म्हणणार नाही. दरमहा वर्गणी देणाऱ्याची निष्ठा टिकाऊ असते, आणि मतदानाच्या आदल्या रात्री भरमसाट आश्वासने देणारा उपटसुंभ एका दिवसात चांगली उभी युनियन मोडू शकतो, यात तथ्य आहे. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय श्रम आयोगानेही १९६९ च्या अहवालात या वादावर एकच निर्णय दिला नाही. पडताळणी की मतदान हे प्रसंगानुसार ठरवण्याचे काम नव्या यंत्रणेवर सोपवले. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप केला, आणि तो १९४६ चा कायदा रद्द करा, ही त्यांची एक प्रमुख मागणी होती. कागदावर ज्या संघाचे ते सभासद त्या संघाच्या बाहेर राहून त्यांनी एवढा मोठा संप करावा, याहून पावतीवरचा मोठा शेरा कोणता?

अमेरिकेत याच नाटकातल्या भूमिका उलट्या आहेत. तेथे १९३५ च्या कायद्यान्वये युनियनला मान्यता देण्यासाठी गुप्त मतदान होते. परंतु प्रचाराच्या आठवड्यांत मालक कामगारांना गाठून दमदाटी करतात म्हणून, सह्या केलेल्या कार्डांवरच मान्यता मिळावी अशी युनियनांची मागणी, आणि कामगाराच्या गुप्ततेचा कळवळा मालकपक्षाला. तसे विधेयक २००९ साली तेथे आले आणि बारगळले. म्हणजे कार्ड काय, पावती काय, जो ती गोळा करतो त्याला ती प्रिय, आणि ज्याला ती गोळा करता येत नाही त्याला पडदा प्रिय. गुप्त मतदानाच्या बाजूने बोलणाऱ्याने आपल्या शेजारी कोण येऊन उभे राहिले आहे हे एकदा पाहून घ्यावे, पण त्यामुळे जागा सोडू नये.

आपल्याकडे हळूहळू पडद्याची बाजू वर आली आहे. भारतीय अन्न महामंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अशा मतदानाचे नियम घालून दिले. रेल्वेत २००७, २०१३ आणि २०२४ साली मान्यतेसाठी गुप्त मतदान झाले. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने एकमेव वाटाघाटी युनियनसाठी हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांच्या पाठिंब्याची अट घातली आहे. तो पाठिंबा कसा मोजतात, यावरच त्या आकड्याची किंमत ठरेल.

एक आक्षेप मात्र मला अजून छळतो, आणि तो मालकाचा नाही, माझ्या एका जुन्या युनियनवाल्या मित्राचा आहे. तो म्हणे, "अरे, एकेकट्या माणसाला मालकापुढे उभं राहावं लागू नये म्हणून तर युनियन. आणि तू त्याला पुन्हा पडद्यामागे एकटा नेऊन उभा करतोस!" गेट मीटिंगमध्ये शेजाऱ्याचा हात वर गेलेला पाहून आपलाही हात वर जातो, हा त्याच्या मते भेकडपणा नव्हता, धीराची ती लागणच होती, आणि कीर्तनाला बसलेला माणूस एकट्याने जे गाणार नाही ते मेळ्यात गातो, हे मलाही ठाऊक आहे. त्याला मी एवढेच म्हणू शकलो, की संपाला उतरताना हात उघडच वर जावा, कारण ती कृती आहे. पण आपल्या नावाने बोलणार कोण, हे ठरवताना एकदा, वर्षा-दोन वर्षांतून एकदा, माणसाला एकटे सोडले तर त्याच्या धीराची लागण जाते, असे नाही. त्याचे समाधान झाले नाही. माझेही पुरते झाले आहे असे नाही.

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या एका कारखान्यात दोन्ही युनियनांच्या राजीने गुप्त मतदान झाले, तेव्हा मोजणीच्या टेबलावर मी होतो. कँटीनच्या कोपऱ्यात खोक्यांचे पुठ्ठे आणि एक चादर यांचा आडोसा केला होता; मागच्या खिडकीतून यार्डातल्या क्रेनवाल्याला दिसते अशी तक्रार आली, म्हणून काचांना वर्तमानपत्रे चिकटवली. कोरी मतपत्रिका खिशात घालून बाहेर न्यायची, ती खूण करून पुढच्याच्या हाती द्यायची आणि त्याची कोरी परत आणवायची, ही युक्ती आम्हाला ठाऊक होती. म्हणून प्रत्येक मतपत्रिका पेटीत पडताना पाहायला एक शिपाई बसवला. खात्यांप्रमाणे पाच पेट्या होत्या, आणि हिशेबाच्या सोयीसाठी पेटीवार मोजणी करावी असे एका बाजूचे म्हणणे पडले. बॉयलर हाउसची माणसे अवघी अकरा. त्यांची पेटी वेगळी मोजली तर त्यांच्या घराला काचेच्या भिंती बसवल्यासारखेच होते. साहेबांनी पाचही पेट्या ताडपत्रीवर ओतायला लावल्या आणि आम्ही कोपरापर्यंत हात घालून, धान्य कालवावे तशी ती चिठ्ठ्यांची रास कालवली.

मोजणीत सात मतपत्रिका अशा निघाल्या, की त्यांवर छत्री आणि कंदील अशा दोन्ही चिन्हांपुढे शिक्का होता. सहांवर तो घाईत उमटलेला दिसत होता. सातवीवर मात्र दोन्ही शिक्के चौकटीच्या बरोबर मध्ये, सरळ, शाई न फिसकटता, सावकाश मारलेले होते. साहेबांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, माझ्याकडे दिली, आणि नियमाप्रमाणे मी तिच्यावर 'बाद' लिहिले. त्या सात मतपत्रिकांचे पाकीट वेगळे बांधले, लाख लावली, आणि दोन्ही युनियनांच्या प्रतिनिधींनी त्याच्या जोडावर आडव्या सह्या केल्या. दिवसभरात त्यांचा एवढ्याच एका गोष्टीवर वाद झाला नाही.